निर्यात थांबते, भाडे थांबत नाही
परदेशात कार्यालय भाड्याने घेताना कांदा पट्ट्यातील व्यापाऱ्याने काय पाहावे?

देवळा - उमराण्याच्या बाजार समितीत सकाळी लिलाव सुरू होतो, दुपारपर्यंत माल खळ्यावर जातो, तेथे निवड आणि प्रतवारी होऊन गोण्या भरल्या जातात आणि मुंबई-आग्रा महामार्गाने कंटेनर न्हावाशेव्याच्या दिशेने निघतो. पुढे समुद्रमार्गे आठवडाभराच्या अंतरावर दुबईचे जेबेल अली बंदर आहे. १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झालेल्या देवळ्याच्या कांद्याला ही वाट नवी नाही. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका यांच्याबरोबर संयुक्त अरब अमिराती हा भारतीय कांद्याचा जुना आणि मोठा ग्राहक आहे. नवा आहे तो प्रश्न. माल पाठवून तेथील आयातदाराच्या फोनची वाट पाहत बसायचे, की तेथेच स्वतःची कंपनी काढून, स्वतःच्या नावाची पाटी लावून विक्री करायची?

१ जून २०२१ पासून हा प्रश्न अधिक मोहक झाला. तोपर्यंत दुबईच्या मुख्य भूभागात, म्हणजे फ्री झोनच्या बाहेर, मर्यादित कंपनी काढायची तर ५१ टक्के भागभांडवल स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवावे लागे. ती अट बहुतेक व्यवसायांसाठी उठली आणि परदेशी माणसाला १०० टक्के मालकीची कंपनी काढता येऊ लागली. १ मे २०२२ रोजी भारत आणि अमिराती यांच्यातील सर्वंकष व्यापार करार अमलात आला. कंपनी काढून देणाऱ्या दलालांच्या जाहिराती नाशिकपर्यंत पोहोचल्या. या जाहिरातींत परवान्याचा खर्च ठळक अक्षरांत असतो. कार्यालयाच्या भाड्याचा उल्लेख असलाच तर तळाशी, बारीक टाइपात.

प्रत्यक्षात परदेशात कंपनी चालवताना दरवर्षी न चुकता दारात उभा राहणारा खर्च भाड्याचाच असतो. कांद्याच्या धंद्यात तर त्याला एक वेगळीच धार आहे.

सहा वर्षांत १४ महिने

केंद्र सरकारने २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात बंद केली. ती १५ मार्च २०२० रोजी खुली झाली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली, ती १ जानेवारी २०२१ रोजी उठली. त्यानंतर १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यात शुल्क लावण्यात आले. त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी थेट बंदी. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांचे ओझे ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ रोजी ते शून्य झाले.

केवळ संपूर्ण बंदीचे महिने मोजले तरी २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत ते सुमारे १४ भरतात. या काळात दुबईत कांदा पोहोचतच नव्हता असे नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने अमिरातीला १४ हजार ४०० टन कांदा पाठविण्यास परवानगी दिली होती. मात्र तो राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत जाणार होता. खासगी निर्यातदाराच्या दुबईतील कार्यालयात त्या दिवसांत विकायला माल नव्हता. घरमालकाकडे मात्र त्याच्या सहीचे पुढील तारखांचे धनादेश होते.

येथूनच विचाराला सुरुवात करायला हवी. कार्यालय किती देखणे आहे, कोणत्या मजल्यावर आहे, खिडकीतून काय दिसते, हे नंतर. दिल्लीतून एका रात्रीत अधिसूचना निघाली तर या जागेतून किती दिवसांत आणि किती पैशांत बाहेर पडता येईल, हा पहिला प्रश्न.

आधी घरचा कायदा

परदेशातील जागा शोधण्यापूर्वी बँकेच्या दारात जावे लागते. परकी चलन व्यवस्थापन कायद्याखाली परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार भारतीय कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी आणि नोंदणीकृत भागीदारी संस्था यांना परदेशात कंपनी काढता येते. एकूण आर्थिक बांधिलकीची मर्यादा नक्त मालमत्तेच्या ४०० टक्के. येथे ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा. कांदा पट्ट्यातील अनेक पेढ्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेल्या, भावाभावांच्या, एकत्र कुटुंबाच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या असतात. नोंदणी नसलेल्या भागीदारीला किंवा एकत्र कुटुंबाच्या पेढीला या वाटेने जाता येत नाही. एकट्या मालकाला व्यक्ती म्हणून जावे लागते आणि त्याला वर्षाला अडीच लाख डॉलरची उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा लागू होते.

दुसरी वाट शाखेची. स्वतंत्र कंपनी न काढता इथल्याच संस्थेचे कार्यालय तेथे उघडायचे. अशा कार्यालयाच्या सुरुवातीच्या खर्चासाठी मागील दोन आर्थिक वर्षांतील सरासरी वार्षिक विक्रीच्या १५ टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या २५ टक्के, यांतील जी रक्कम जास्त असेल तेवढी पाठविता येते. नेहमीच्या खर्चासाठी सरासरी विक्रीच्या १० टक्क्यांपर्यंत. भाडे या दुसऱ्या रकमेतून जाते. कांद्याचा भाव पडलेल्या दोन वर्षांची सरासरी काढली की ही मर्यादाही आपोआप आक्रसते, हे ध्यानात ठेवलेले बरे. शाखेचा आणखी एक धोका असा की, शाखेचे देणे म्हणजे देवळ्यातील पेढीचेच देणे. कंपनी वेगळी असेल तर निदान कायद्याच्या नजरेत दोन खिसे वेगळे असतात.

जागेपुरते बोलायचे तर नियम सोपा आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशातील जागा पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने घेतली तर परदेशी स्थावर मालमत्तेवरील सर्वसाधारण निर्बंध तिला लागू होत नाहीत. त्यापुढचा करार समोर ठेवला गेला तर सही करण्यापूर्वी थांबावे. कांद्याच्या व्यापाऱ्याला पाच वर्षांपलीकडचा करार हवाच कशाला, हा वेगळा प्रश्न.

ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ती बाब वार्षिक अहवालाची. परदेशी कंपनीचा कामगिरी अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यावा लागतो. तो राहिला की, ती चूक नियमित करून घेईपर्यंत नवी आर्थिक बांधिलकी करता येत नाही. आता निर्यातबंदीचा काळ डोळ्यांपुढे आणावा. दुबईच्या कंपनीकडे विक्री नाही, भाड्यासाठी पैसे इथून पाठवायचे आहेत आणि नेमका अहवाल राहून गेला आहे. भाडे देण्याची ऐपत असूनही ते वेळेवर पोहोचत नाही.

जागा आधी, परवाना मागाहून

आपल्याकडे दुकान आधी सुरू होते आणि कागदपत्रे सवडीने गोळा होतात. दुबईत क्रम उलटा आहे. व्यापारी नाव आणि प्राथमिक मंजुरी मिळाल्यानंतर जागेचा नोंदविलेला भाडेकरार दाखवावा लागतो. तो दाखविल्याशिवाय मुख्य भूभागातील परवाना हाती पडत नाही. पुढे बँक खाते उघडतानाही तोच कागद मागितला जातो आणि कर्मचाऱ्यांचे किती व्हिसा मिळतील हेही बहुतांशी जागेच्या क्षेत्रफळावर ठरते. म्हणजे भाडेकरार हा कंपनीचा पायाच. तो संपला आणि नूतनीकरण झाले नाही तर परवान्याचे नूतनीकरण अडते, परवाना अडला की व्हिसा अडतो.

तेव्हा जागा कोठे घ्यायची? पर्याय ढोबळमानाने तीन आहेत.

पहिला, फ्री झोनमधील सामायिक टेबल. जेबेल अली मुक्त क्षेत्र १९८५ मध्ये स्थापन झाले आणि बंदराला लागूनच आहे. त्याखेरीज दुबईत इतरही अनेक क्षेत्रे आहेत. येथे करार थेट क्षेत्राच्या प्राधिकरणाशी किंवा त्याच्या व्यवस्थेतूनच होतो, त्यामुळे घरमालक खरा की खोटा ही शंका राहत नाही. अनेक क्षेत्रांत पूर्ण कार्यालयाऐवजी सामायिक जागेतील टेबल घेऊन परवाना मिळतो. खर्च कमी, व्हिसा मोजके. मात्र फ्री झोनमधील कंपनीने मुख्य भूभागातील ग्राहकाला थेट माल विकण्यावर पूर्वीपासून बंधने आहेत. २०२५ मध्ये दुबईने अशा कंपन्यांना स्वतंत्र परवाना घेऊन बाहेर काम करण्याची वाट काही प्रमाणात मोकळी केली. ज्याला जेबेल अलीतून माल उतरवून पुढे अन्य देशांत पाठवायचा आहे त्याला हा पर्याय सोयीचा.

दुसरा, रास अल खोर भागातील अल अवीर येथील मध्यवर्ती फळ-भाजी बाजार. २००४ मध्ये हा घाऊक बाजार देरा भागातून येथे हलला. ज्याला दुकानदारांना गोणीने कांदा विकायचा आहे त्याची जागा येथे किंवा या परिसरात. उमराण्याच्या बाजार आवारात वाढलेल्या माणसाला येथे फारसे परके वाटणार नाही. पहाटेची वर्दळ तीच, भावाची घासाघीसही तीच.

तिसरा, देरा किंवा बर दुबईतील एखाद्या इमारतीत छोटे कार्यालय. मराठी, गुजराती, सिंधी, केरळी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती असल्याने नवख्याला येथे धीर येतो. आणि येथेच एक नेहमीची चूकही घडते. ओळखीचा कोणी म्हणतो, ‘‘माझ्या ऑफिसात एक टेबल घे, वेगळा खर्च कशाला करतोस?’’ भावना चांगली असते. पण दुबईच्या भाडेकायद्यानुसार मालकाच्या लेखी संमतीखेरीज पोटभाडेकरू ठेवता येत नाही. अशी संमती नसताना जागा रिकामी करण्याची वेळ आली तर मूळ भाडेकरूसोबत पोटभाडेकरूही बाहेर पडतो. त्याच्या हाती उरतो तो ओळखीच्या माणसाकडून भरपाई मागण्याचा हक्क. नात्यातल्या माणसाविरुद्ध तो कोण बजावणार?

इजारा आणि इजारी

दुबईत भाडेकरार नोंदविण्याच्या सरकारी व्यवस्थेचे नाव ‘इजारी’. अरबीत त्याचा अर्थ ‘माझे भाडे’. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण आपल्या जुन्या कागदपत्रांतील इजारा आणि इजारदार हे शब्द त्याच अरबी मुळातून आलेले आहेत. शब्द एकच, व्यवहार मात्र बराच निराळा.

महाराष्ट्रात भाडे म्हटले की ‘११ महिन्यांचा करार’ डोळ्यांपुढे येतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. असे असतानाही गावोगावी साध्या मुद्रांकावर सह्या होतात आणि निभावते. दुबईत ते निभावत नाही. नोंद नसलेल्या करारावर परवाना मिळत नाही. नोंदीसाठी मालकाचे मालकीपत्र लागते. मालकाच्या वतीने दुसरा कोणी सही करत असेल तर त्याचे मुखत्यारपत्र. हे दोन्ही कागद पैसे देण्यापूर्वी पाहावेत. इंग्रजी मजकुराबरोबर अरबी मजकूर असेल तर तोही भाषांतरकाराकडून वाचून घ्यावा, कारण तेथील न्यायालयाची भाषा अरबी आहे.

भाडेकरूला संरक्षणही आहे आणि ते आपल्याकडच्या समजुतीपेक्षा चांगले आहे. २००७ चा २६ क्रमांकाचा कायदा आणि २००८ मधील त्याची दुरुस्ती यांनुसार भाडे किंवा अन्य अटी बदलायच्या असतील तर करार संपण्यापूर्वी किमान ९० दिवस कळवावे लागते. विक्री किंवा स्वतःच्या वापरासारख्या ठरावीक कारणांसाठी मालकाला जागा परत हवी असेल तर नोटरी किंवा नोंदणीकृत टपालाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भाडेवाढीलाही २०१३ च्या आदेशाने पायऱ्या घालून दिल्या आहेत. चालू भाडे त्या भागातील सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ नाही. त्यापुढे फरकाच्या प्रमाणात ५, १०, १५ आणि जास्तीत जास्त २० टक्के. नवा मालक भाडे दुप्पट मागू लागला तर घाबरून होकार देण्याचे कारण नाही.

धनादेशांचे पुस्तक

तथापि, हे सारे संरक्षण भाडे वेळेवर देणाऱ्याला आहे. दुबईत भाडे बहुधा महिन्याला दिले जात नाही. वर्षाचे भाडे एक, दोन किंवा चार धनादेशांत आगाऊ लिहून दिले जाते. जितके धनादेश कमी तितके भाडे घासाघीस करून खाली येते, म्हणून नवखा व्यापारी उत्साहाने एकाच धनादेशात वर्षभराचे पैसे मोकळे करतो. ज्याच्या मालावर केव्हाही बंदी येऊ शकते त्याने हा मोह टाळावा. सवलत थोडी कमी मिळाली तरी चालेल, चार धनादेश बरे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. वर्षाला ६० हजार दिरहॅम भाड्याचे छोटे कार्यालय घेतले असे धरू. व्यावसायिक भाड्यावर १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, तो ३ हजार. अनामत साधारणपणे ५ टक्के, म्हणजे आणखी ३ हजार. दलालीही बहुधा तेवढीच. शिवाय वीज-पाण्याची अनामत आणि नोंदणी शुल्क. काही इमारतींत वातानुकूलन सामायिक यंत्रणेतून येते आणि तिचा स्थिर आकार कार्यालय बंद असले तरी भरावा लागतो. याची चौकशी फार थोडे जण करतात. दिरहॅमचा भाव २३ रुपये धरला तर केवळ भाडेच १३ लाख ८० हजार रुपये होते. २०२३-२४ सारखी पाच महिन्यांची बंदी आली तर त्यातील पावणेसहा लाख रुपये विक्रीवाचून जातात. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. निर्यात चालू असताना उत्पन्नही डॉलरमध्येच येते, त्यामुळे रुपया घसरल्याचे फारसे जाणवत नाही. निर्यात थांबली की भाड्यासाठी दिरहॅम रुपये मोजून घ्यावे लागतात आणि घसरण पूर्ण अंगावर येते.

आणखी एक गोष्ट जागा पाहतानाच विचारायची असते. दुबईतील अनेक नवी कार्यालये केवळ सिमेंटच्या सांगाड्याच्या स्वरूपात भाड्याने दिली जातात. फरशी नाही, छत नाही, दिवे नाहीत. प्रति चौरस फूट भाडे कमी दिसते ते याचमुळे. सजावटीचा खर्च भाडेकरूचा, तिच्या मंजुऱ्या त्याच्याच आणि करार संपल्यावर सारे उखडून जागा पूर्ववत करून देण्याची अट असेल तर तोही खर्च त्याचाच. दोन टेबले आणि एक संगणक एवढीच गरज असलेल्याने आधीच्या भाडेकरूने सजवून ठेवलेली जागा शोधावी. जुने फर्निचर पाहून कांद्याचा भाव कोणी कमी देत नाही.

धनादेश वटला नाही तर काय, याविषयी दोन समजुती आहेत आणि दोन्ही अर्धवट. पूर्वी खात्यात पैसे नसल्याने धनादेश परत जाणे हा तेथे सरसकट फौजदारी गुन्हा होता आणि त्यापायी अनेक परदेशी व्यावसायिकांना तुरुंग पाहावा लागला. २ जानेवारी २०२२ पासून बहुतांश प्रकरणे दिवाणी झाली. फसवणुकीच्या हेतूने केलेले प्रकार मात्र गुन्हाच राहिले. याचा अर्थ धनादेश बिनधोक झाला असा मुळीच नाही. न वटलेला धनादेश हाच आता वसुलीचा हुकूम म्हणून थेट अंमलबजावणीला नेता येतो.

आणि ‘‘विमानात बसून परत यायचे, तेथे कोण शोधत येतो,’’ ही समजूत १७ जानेवारी २०२० रोजीच कालबाह्य झाली. त्या दिवशी भारत सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली अमिरातीला परस्पर मान्यतेचा प्रदेश म्हणून अधिसूचित केले. दुबईच्या न्यायालयांनी दिलेला पैशांच्या वसुलीचा हुकूमनामा भारतातील जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो आणि काही मर्यादित आक्षेप सोडले तर तो त्याच न्यायालयाचा असल्याप्रमाणे अमलात आणला जातो. देवळ्यातील व्यापाऱ्याच्या बाबतीत ते न्यायालय नाशिक जिल्ह्यातच आहे. म्हणूनच मालकाने कंपनीच्या कराराबरोबर संचालकाची वैयक्तिक हमी मागितली तर ती देताना शंभरदा विचार करावा. वेगळी कंपनी काढून मिळविलेले संरक्षण त्या एका सहीने संपते आणि गावाकडचे घर, शेत पुन्हा त्याच व्यवहारात येते.

कुलूप लावण्याचीही मुभा नाही

बंदी आली तर माणसे परत बोलवावीत, कार्यालयाला कुलूप लावावे आणि दिवस पालटेपर्यंत थांबावे, असे सहज सुचते. येथे दुबईच्या कायद्यातील एक कमी माहीत असलेली तरतूद आडवी येते. व्यावसायिक जागा योग्य कारणाशिवाय सलग ३० दिवस किंवा वर्षभरात मिळून ९० दिवस रिकामी ठेवली तर, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, मालक मुदतीपूर्वीच ती खाली करून मागू शकतो. निर्यातबंदी हे ‘योग्य कारण’ ठरावे अशी बाजू मांडता येईल, परंतु वादात शिरून ती मांडण्यापेक्षा करारातच एक वाक्य घालून घेणे स्वस्त.

मुदतीपूर्वी सोडून जाण्याबाबतही कायदा भाडेकरूच्या बाजूने नाही. करार चालू असताना मालक किंवा भाडेकरू, दोघांपैकी कोणालाही तो एकतर्फी मोडता येत नाही. सुटकेची वाट हवी असेल तर ती आधीच लिहून घ्यावी लागते. एखाद्या सरकारी आदेशामुळे भारतातून कांद्याची निर्यात ६० दिवसांहून अधिक काळ थांबली तर दोन महिन्यांची नोटीस आणि दोन महिन्यांचे भाडे देऊन करार संपविता येईल, अशा आशयाचे कलम मालकापुढे ठेवावे. तो लगेच हो म्हणेल असे नाही. पण रिकामी कार्यालये ज्या भागात जास्त आहेत तेथे म्हणतोही. भाड्यात पाच टक्के कमी करून घेण्यासाठी खर्ची घातलेली घासाघीस या कलमासाठी वापरली तर अधिक उपयोगी पडेल.

तंटा झालाच तर तो २०१३ पासून भाडे तंटा निवारण केंद्रापुढे जातो. दाव्याचे शुल्क साधारणपणे वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के, वरच्या उदाहरणात २ हजार १०० दिरहॅम. भाडे थकल्याची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ते भरले नाही तर जागा सोडण्याचा दावा लागू शकतो. नोटीस बंद कार्यालयाच्या दाराखाली पडून राहिली, ही तक्रार तेव्हा कोणी ऐकत नाही.

द्राक्षवाल्यांचा वेगळा हिशेब

देवळ्याचा कांदा आखाताकडे जातो, तर निफाड-दिंडोरीची द्राक्षे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत रॉटरडॅम बंदराकडे. तेथून जवळच असलेल्या बारेंद्रेख्त परिसरात फळ-भाजी व्यापाऱ्यांची मोठी वसाहत आहे. नेदरलँडमध्ये परदेशी मालकीच्या कंपनीला स्थानिक भागीदाराची गरज नाही आणि धनादेशांचा व्यवहारही नाही. तेथील अडचण मुदतीची. कार्यालयाचा करार बहुधा पाच वर्षे आणि पुढे आणखी पाच असा असतो, सोडण्याची नोटीस अनेकदा वर्षभर आधी, दरवर्षी महागाई निर्देशांकानुसार वाढ आणि हमी म्हणून तीन महिन्यांच्या भाड्याइतकी बँक गॅरंटी. दुकानांना तेथील कायदा जेवढे संरक्षण देतो तेवढे कार्यालयांना देत नाही. मुदत संपल्यावर न्यायालयाकडून फार तर एकेक वर्षाची तीनदा मुदतवाढ मागता येते. १ जानेवारी २०२३ पासून १०० चौरस मीटरवरील कार्यालय-इमारतीला किमान ‘सी’ दर्जाचे ऊर्जा प्रमाणपत्र नसेल तर ती कार्यालय म्हणून वापरताच येत नाही. चार महिन्यांच्या हंगामासाठी पाच वर्षांचे भाडे अंगावर घेण्यापेक्षा सुसज्ज व्यवसाय केंद्रातील खोली मासिक कराराने घेणे किंवा आयातदाराच्याच कार्यालयात रीतसर करारावर माणूस बसविणे द्राक्षवाल्याला परवडते. बिगरहंगामी आठ महिने तेथे पाहायला कोणी येत नाही.

करार कोणत्या महिन्यात?

पुन्हा कांद्याकडे. गेल्या काही वर्षांतील निर्बंधांच्या तारखा ओळीने मांडल्या तर एक गोष्ट लक्षात येते. २०१९ ची बंदी सप्टेंबरात आली, २०२० ची सप्टेंबरात, २०२३ चे शुल्क ऑगस्टमध्ये, किमान मूल्य ऑक्टोबरमध्ये, बंदी डिसेंबरात. हे योगायोगाने घडत नाही. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि चाळीत साठवला जातो. पावसाळा सरता सरता चाळी रिकाम्या होऊ लागतात, सड वाढते, खरिपाचा लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो. शहरांत भाव चढतात आणि दिल्ली जागी होते. लाल आणि रांगडा बाजारात भरून आला की दडपण ओसरते. निर्बंध उठले ते जानेवारी, मार्च, एप्रिल, मे आणि अपवादाने सप्टेंबरात.

भाडेकराराचे वर्ष या चक्राशी जुळवून घेता येते. दलालाने ऑगस्टमध्ये उत्तम जागा दाखविली म्हणून ऑगस्टमध्येच सही केली तर पहिले दोन धनादेश नेमके सर्वांत जोखमीच्या महिन्यांत वटतात. तोच करार जानेवारीत सुरू केला तर चारपैकी तीन धनादेश जुलैपर्यंत, म्हणजे माल बहुधा मोकळेपणाने जात असताना, निघून जातात आणि बंदी आलीच तर ऑक्टोबरचा एक उरतो. अटी बदलण्यासाठीची ९० दिवसांची मुदत सप्टेंबरच्या अखेरीस संपते. तोवर चाळींत किती कांदा शिल्लक आहे आणि किरकोळ बाजारात भाव कोठे गेला आहे, हे देवळ्यात बसूनही दिसू लागलेले असते. नूतनीकरणाचा निरोप दुबईला पाठवायचा की नाही, हे त्या आठवड्यात उमराण्याच्या लिलावात उभे राहून ठरविता येते.